बंद इंजिनाची वरात

हुंडा घ्यायचा नाही, हे कृष्णातनं बैठकीतच सांगून टाकलं होतं. मुलगा पदार्थविज्ञान शिकून पदवी घेतलेला; सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. मग त्यानं एकच हौस सांगितली. वरात सांगलीच्या नानासो इनामदारांच्या मोटारीतून निघावी.

सांगलीत शिकताना ती काळी विलायती सलून-मोटार त्यानं कितीदा तरी पाहिली होती. ती जवळून गेली की चाकाखालची खडी ऐकू यायची, इंजिन नाही. इंजिनातल्या एवढ्या स्फोटांतून इतकी शांतता कशी काढली असेल, म्हणून तो रस्त्यातच थांबायचा. आत अक्रोडी लाकडाची चकचकीत फळी, राखी कातड्याच्या बैठका, काचांना रेशमी पडदे. उसनी मागून आणायची वस्तू, तिचा कुणाला काय त्रास, असं त्याला वाटलं होतं.

सासरे हंबीरराव पलटणीतून पेन्शनवर आलेले हवालदार. ते शिराळ्याहून सांगलीला खेटे घालत राहिले आणि अखेर मोटार मिळाली. पण महायुद्धामुळं पेट्रोल रेशनवर. इनामदारांनी ड्रायव्हर सिद्धूला बजावलं होतं, परतीपुरतं पेट्रोल राखायचं, वरातीत इंजिन चालू करायचं नाही.

म्हणून हंबीररावांनी घरची बैलजोडी मोटारीला जुंपली.

वरात निघाली तशा कृष्णातच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"विलायती बैलगाडी आली रं!" कुणीतरी ओरडलं.

"गड्या, नवरा लय शिकलेला हाय. बैलं इंग्रजीत हाकाय लावा की त्याला!"

वाजंत्रीवाल्यालाही हसू आवरेना. कृष्णातनं भराभर सगळे पडदे ओढून घेतले आणि तो आत अंग चोरून बसला. शेजारी हंबीररावांची अंजना होती, तासाभरापूर्वी त्याची बायको झालेली. ती हळूच म्हणाली, "आवं, मागचा पडदा सारा की. आबा दिसंनात."

"ते मागं कशाला?"

ओढ्याकडचा उतार लागला होता. मोटार बैलांच्या खुरांवर जाऊ लागली. सिद्धू ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. "इंजिन बंद हाय, ब्रेकात जोर न्हाई!" तो ओरडला. "मागनं धरा!"

कृष्णातनं पडदा सारला. मोटारीला मागं दोर बांधला होता आणि हंबीरराव नि त्यांचे दोन भाऊबंद तो धरून, टाचा रोवून मागं रेलले होते. हंबीररावांचा फेटा सुटून गळ्यात आला होता. नवं धोतर धुळीत घासत होतं. मोटारीचं वजन, रस्त्याचा उतार, त्या हातांवर येणारा भार. हे गणित कृष्णातला कागदाशिवाय सुटलं असतं. बैठकीत ते त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तो दार उघडून उतरला. हाकणाऱ्यानं बैल थांबवले, वाजंत्री थांबली. कृष्णातनं दोराला हात घातला.

"आवं जावईबापू, ह्ये काय?" हंबीररावांना धाप लागली होती. "वर बसा."

"मामा, मी धरतो."

"सोडा दोर. जावयाला मोटार वढाय लावली म्हणून गाव माझ्या तोंडात शेण घालंल."

"मी मागितलीच नसती तर..."

"मागितलीसा. मी आणली. आता बसून दावा."

दोर ताणलेलाच होता. हंबीररावांचे हात थरथरत होते. आपण जितका वेळ इथं उभे राहू तितका वेळ ते असेच थरथरणार, हे कृष्णातच्या ध्यानात आलं. तो गेला आणि आत बसला. दार नेहमीसारखं हलकेच, मऊ आवाजात लागलं. तो आवाज त्याला अजूनही आवडला, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

त्यानं पडदे उघडे ठेवले. बाहेर टवाळी पुन्हा सुरू झाली. अंजना बैठकीवर गुडघे टेकून मागच्या काचेतून आबांकडं बघत होती. कृष्णातही मुंडावळ्या सावरत तिच्याशेजारी तसाच वळला.

नवरानवरी मागं तोंड करून बसलेली अशी वरात शिराळ्यानं कधी पाहिली नव्हती.