लव्हर्नबाईंचे सव्वीस

"घेतला! हेरन्सनी व्हॉर्हिसला घेतला, तीन वर्षांसाठी!"

ओरडत ओले लिंडग्रेनने रेडिओ एवढा मोठा केला की फळीवरचे रंगाचे डबे थरथरले. दुकान त्याचे खिळ्यांचे, कुलपांचे आणि बर्फ ओढायच्या फावड्यांचे. पण जानेवारीत तिथे विकत घ्यायला फारसे कोणी येत नसे. बेसबॉलचा हंगाम संपला की कार्व्हर फोर्डमधली रिकामटेकडी मंडळी रोज सकाळी ओलेच्या शेगडीभोवती कॉफी घेऊन बसत, आणि एप्रिलपर्यंत हेरन्सचा संघ तोंडानेच खेळवत. हेरन्स म्हणजे तीनशे मैलांवरच्या महानगराचा मोठा संघ. त्यांचा राखीव संघ इथे, नदीकाठच्या मैदानावर खेळायचा. नशीब उघडले तर पोरे इथून वर जात, नाहीतर इथेच पोक्त होत.

"लव्हर्न, तुझ्या पोराचा बोऱ्या वाजला गं!" मर्ल ओरडला. चाळीस वर्षे शाळांच्या सामन्यांत पंचगिरी करून त्याला हळू बोलणे जमेनासे झाले होते. "पहिल्या बेसवर आता व्हॉर्हिस. तिथून त्याला हलवायला क्रेन लागेल."

"गुडघे बघितलेस का त्याचे?" लव्हर्नबाई म्हणाल्या. "जिना चढताना करकरतात म्हणे."

"जिना कशाला चढायचाय त्याला? नुसतं उभं राहून चेंडू झेलायचाय!"

सगळे हसले. बाईही हसल्या.

लव्हर्न हॅकबार्थ ही एकाहत्तर वर्षांची बाई. एकतीस वर्षे शाळेच्या स्वयंपाकघरात होती. सकाळी आभाळाकडे बघून आज किती पोरे जेवायला बसतील ते सांगायची, आणि पातेल्यात चार घास उरले तर उरायचे. हाच हिशोबीपणा तिने बेसबॉलला लावला. ओलेच्या दुकानात दर जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी एक रिवाज पाळला जाई: एप्रिलच्या पहिल्या सामन्याला हेरन्सचे सव्वीस खेळाडू कोण असतील, ते प्रत्येकाने लिहून बंद पाकिटात द्यायचे. सामन्याच्या दिवशी पाकिटे फोडायची आणि सगळ्या याद्या उन्हाळाभर भिंतीवर ठोकून ठेवायच्या. बाईंचे पंचवीस जवळजवळ बिनचूक असत. सव्वीसावा मात्र दरवर्षी चुके, कारण तो दरवर्षी एकच असे.

एलिसेओ पेगेरो.

"लव्हर्नच्या संघात पंचवीस खेळाडू आणि एक लेक," असे ओले म्हणायचा. तिच्या यादीत आठवा राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कधी नसायचाच. कुठलाही शहाणा प्रशिक्षक अशी चूक करणार नाही. पण त्या जागेवर एलीला बसवायचे तर कोणीतरी उठायला हवेच ना?

पहिल्या बेसवर खेळणारा एली बावीस वर्षांचा असताना तिच्याकडे आला. तेव्हा खालच्या संघांतल्या परमुलखातल्या पोरांना गावातली कुटुंबे आपल्या घरी ठेवून घेत. बाईंचे यजमान रॉय नुकतेच गेले होते, मूलबाळ नव्हते, वरची खोली रिकामी होती. दारात एक लांबलचक काळासावळा पोरगा उभा राहिला, हातात तीन बॅटी आणि आईने बांधून दिलेला आंब्याच्या मुरंब्याचा डबा. "मॉम," असे तो पहिल्या संध्याकाळीच म्हणाला. संघाने शिकवले असणार, असे तिला तेव्हा वाटले होते. सात उन्हाळे झाले. पुढे संघ पोरांना स्वतःच घरे देऊ लागला, तरी हा हिवाळ्यात आपल्या मुलखी बायको-पोरीकडे, आणि एप्रिल लागला की तिच्याच दारात हजर. सात वर्षांत वरच्या संघातून एकदाच बोलावणे आले, नऊ दिवसांसाठी. चार वेळा बॅट हातात मिळाली, एकदा लागली. तो एक फटका बाईंना पाठ होता. अजून त्या भांडी घासताना तो मनात बघत, आणि दर वेळी चेंडू थोडा अधिक लांब जाई.

घरी जाताना त्या मैदानावरून गेल्या. बर्फाने सगळ्या रेघा पुसून टाकल्या होत्या. बेस कुठला, पिचरचा उंचवटा कुठला, काही कळत नव्हते. बाईंना हिवाळ्यातले मैदान आवडायचे. जानेवारीत कोणी हरत नाही. सगळ्यांचे खांदे ठणठणीत असतात, सगळ्यांचे फटके कुंपणापार जातात, आणि आपण मनातल्या मनात मांडे खात कितीही वेळ उभे राहिलो तरी कोणी उठवत नाही. त्यांनी अंदाजाने पहिला बेस शोधला आणि तिथे एलीला उभा केला. त्याने हातमोज्यावर थाप मारली आणि त्यांच्याकडे बघून हसला. व्हॉर्हिस कुठे दिसतच नव्हता.

दार उघडताहेत तोच फोन वाजला.

"मॉम, बर्फ पडतंय का गं?"

"पडतंय की. तुझ्याकडे?"

"माझ्याकडे ऊन पडतंय." तो नेहमीसारखा हसला नाही. "व्हॉर्हिसचं कळलं?"

"कळलं. मर्लनं अख्ख्या गावाला ओरडून सांगितलं."

"मॉम, ऐक. हेरन्सनी मलाही बोलावलंय. सरावाला ये म्हणतात, पुढचं पुढे बघू. म्हणजे परत कार्व्हर फोर्ड." मग तो म्हणाला, "आणि जपानहून विचारलंय. तिथं रोज खेळायला मिळेल, पहिल्या बेसवर. बायको, पोरगी, दोघींना बरोबर नेता येईल. उद्यापर्यंत सांगायचंय."

बाईंनी ओला कोट तसाच ठेवून खुर्ची ओढली.

"तू काय ठरवलंस?"

"मी काय ठरवणार? जीव हेरन्समध्ये अडकलाय. म्हणून तर फोन केला. तुझे पंचवीस कधी चुकत नाहीत. तो सव्वीसावा का चुकतो, तेही मला ठाऊक आहे. ओलेच्या भिंतीवर वाचतो ना मी दरवर्षी." त्याचा आवाज खाली आला. "ती यादी नको मला. मी तुला कधी भेटलोच नसतो, तर तू जी लिहिली असतीस, ती सांग. त्यात आहे का मी?"

बाहेर बर्फ पडत होते, सावकाश, कुठे जायची घाई नसल्यासारखे.

"अरे, जून येईतो व्हॉर्हिस जायबंदी होऊन बसतोय बघ," बाईंच्या तोंडून निघून गेले. "गुडघे गेलेत त्याचे. मग तुझ्याशिवाय आहे कोण त्यांच्याकडे?"

"खरंच?"

"मी कधी खोटं सांगितलंय का तुला?"

तो इतका मोठ्याने हसला की बाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला. "मग राहतो मी! आजच जपानला नाही म्हणून कळवतो. मॉम, वरच्या खोलीचा पंखा तेवढा दुरुस्त करून घे हं!"

फोन ठेवल्यावर बाई हवेतच होत्या. वर जाऊन त्यांनी पलंगावर धुतलेली चादर घातली, खिडकीची फट कापडाने बुजवली, पंख्याची कळ दाबून बघितली. घर कसे भरल्यासारखे वाटू लागले. आता एप्रिल येईल. जिन्यावर धाडधाड पावले वाजतील, न्हाणीघरात त्याची बेसूर गाणी, तव्यावर हिरवी केळी तळल्याचा धूर. संध्याकाळी मागच्या पायरीवर मोजे काढून तो लेकीशी फोनवर बोलत बसेल, तास तास.

लेक यानिरा, आता चार वर्षांची होईल. गेल्या जुलैत तिचा वाढदिवस खालच्या स्वयंपाकघरात झाला होता. बाईंनी केक केला, एलीने त्यावर मेणबत्ती लावली आणि फोन समोर धरला. पोरीने तिकडून फुंकर मारली. बाई फोनमागे दबा धरून होत्या, त्यांनी त्याच क्षणी इकडून फू केले. मेणबत्ती विझली. काय झकास जमलं, म्हणून दोघे टाळ्या पिटत बसले होते. ती गंमत बाईंनी पुढे ओलेच्या दुकानात दहा वेळा सांगितली होती.

आता चादरीचा कोपरा नीट करता करता त्यांना तो चेहरा पुन्हा दिसला, फोनच्या काचेवर, हाताच्या पंज्याएवढा. पोरगी मेणबत्तीकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती. बाप मात्र मेणबत्तीकडे बघत होता.

बाई पलंगावर बसल्या. "लव्हर्न," त्या मोठ्याने म्हणाल्या, "काय करून बसलीस हे?"

मग त्या खाली आल्या. पाककृती लिहायची जाडसर कार्डे काढली. दरवर्षी त्यांवरच त्या एकेक खेळाडू लिहीत. टेबलावर कार्डे मांडायला सुरुवात केली. डोके शाळेच्या स्वयंपाकघरात चालायचे तसे चालू लागले, कोणाची भीडभाड न ठेवता. पिचर तेरा. पिचरसमोर बसून झेलणारे दोन. पहिल्या बेसवर व्हॉर्हिस. बरे, बसला व्हॉर्हिस जूनमध्ये, मान्य, मग कोण? मग एकवीस वर्षांचा तो डुफ्रेन. त्याला हेरन्स आतापासून मखरात बसवून आहेत. तोही आजारी पडला तर? तर डाव्या हाताचा ऑस्टरमन, त्याला खाली पाठवले तर दुसरे संघ उचलून नेतील, म्हणून त्याला हलवायची सोय नाही. त्याच्यानंतर एली. चौथा. एली हातात घेऊन त्या टेबलाभोवती फिरल्या. एकदा इकडे ठेवून बघितला, एकदा तिकडे. सव्वीस जागा भरल्या होत्या आणि तो हातातच होता.

खरे म्हणजे त्यांना हे सात वर्षे कळत होते. पोरगा गुणी होता, मेहनती होता, पण त्याच्या पुढे नेहमी तिघे होते. दरवर्षी वेगळे तिघे. त्यांचे प्रेम होते म्हणून त्या लिहीत होत्या, आणि भिंतीवर ते वाचून तो परत येत होता. इतकी साधी गोष्ट. बाईंना रडू कोसळले. सात वर्षांत त्याने गमावलेल्या घरच्या प्रत्येक संध्याकाळसाठी त्या रडल्या, आणि थोड्या स्वतःसाठीही, कारण एकटेपणा काही खोटा नव्हता.

चार वाजता त्यांनी चूळ भरली, नाक शिंकरले आणि फोन लावला.

"एली, जपानला कळवलंस?"

"अजून नाही. आई मासे तळतेय, जेवून कळवतो. का गं?"

"मगाशी मी थाप मारली तुला. यादी मी आत्ता केली, तू म्हणालास तशी. वाचू?"

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, मग दार लागल्याचा. तो बाहेर अंगणात गेला असावा. कुठेतरी कोंबडा आरवला.

"वाच," तो म्हणाला.

बाईंनी चष्मा लावला. आवाज स्थिर ठेवायचा म्हणून शाळेत हजेरी घ्यावी तशी एकसुरात सुरुवात केली. पिचरांची नावे झाली. झेलणाऱ्यांची झाली. पहिल्या बेसशी आल्यावर त्या व्हॉर्हिस म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर पुढचे वाचता आले नसते. दुसरा बेस, तिसरा बेस, मैदानाच्या लांबच्या कडा सांभाळणारे पाच जण. शेवटी ऑस्टरमन.

"झाले सव्वीस," त्या म्हणाल्या.

बाईंना वाटले, आता तो फोन ठेवेल. ठेवला तरी त्यांना राग आला नसता.

"मॉम."

"बोल बाळा."

"दुसरा झेलणारा कोण म्हणालीस?"

"पिकरिंग."

"पिकरिंग नको. बॅट चांगली आहे त्याची, पण पिचर घाबरला की ह्याला सांभाळता येत नाही. मी सबंध उन्हाळा कार्व्हर फोर्डला त्याच्याबरोबर खेळलो ना, बघितलंय मी. तो पोरगा हालोरन आहे बघ, गप्प असतो तो. त्याला घे."

"हालोरन? त्याला तर कोणी ओळखतही नाही रे."

"ओळखतील. लिही तू."

बाईंनी पिकरिंगवर काट मारली आणि त्याखाली हालोरनचे नाव लिहिले. पेन्सिलीचा आवाज त्यालाही ऐकू गेला असेल.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"आता परत वाच एकदा. पहिल्यापासून. मग जपानला हो म्हणून कळवतो."

बाईंनी पहिल्यापासून वाचले. या वेळी घाईने नाही. एकेक नाव नीट उच्चारून, आणि प्रत्येक नावाला तो तिकडून "हं" म्हणत होता. व्हॉर्हिसलाही म्हणाला.

"चांगला झालाय संघ," सगळे संपल्यावर तो म्हणाला.

"हो रे," बाई म्हणाल्या. "चांगला झालाय."