दुसरा वाडगा

नर्सबाईंनी वजनकाटा शून्यावर आणला आणि सुनेला चपला काढून पुन्हा उभं राहायला सांगितलं. काटा परत बेचाळीसवरच थांबला. पाचवा महिना संपत आला होता. पहिल्या खेपेला चौथ्यातच सगळं आटोपलं होतं.

दवाखान्यातून दिलेली पावडर तिला सोसत नव्हती. डबा उघडला की उमळून यायचं. सासूबाईंनी पिशवीतून एक कागद काढला. तीस वर्षं त्यांनी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला होता. घरात काय काय रांधलं जातं ते त्यांनी ओळीने लिहून आणलं होतं: नाचणीची पेज, तिळाची पूड, शेंगदाणे, गूळ, डाळ, पालेभाजी, अंडं.

"दोनशे पोरी धडधाकट केल्या," त्या म्हणाल्या, "आणि घरातल्या एकीपुढे हात टेकले."

नर्सबाईंनी कागद दोनदा वाचला. यात बदलण्यासारखं काही नाही, पावडर तूर्त राहू दे, असं सांगून त्यांनी विचारलं,

"मावशी, ही जेवते कधी?"

"आम्ही दोघी मागून बसतो. पुरुषांचं झालं की."

"तेव्हा पातेल्यात काय उरतं?"

सासूबाई कागदाची घडी घालत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून सून शिंप्याच्या दुकानातली काजं-बटणं उरकून घरी आली, की पहिला वाडगा तिच्यापुढे यायचा. दाराकडे एक डोळा ठेवून ती भराभर खायची. सावकाश खा, गाडी चुकत नाहीये, असं म्हणत सासूबाई पेजेवर तिळाची पूड भुरभुरवायच्या; नको म्हणेपर्यंत, आणि म्हटल्यावरही. स्वतः मात्र त्या मागूनच, गार झालेलं जेवायच्या.

महिन्याभरात काटा पावणेदोन किलोंनी पुढे सरकला. नर्सबाईंनी बाळाचे ठोके दोघींनाही ऐकवले. येताना वाटेत सासूबाई दोनदा उगाचच हसल्या.

त्या संध्याकाळी सुनेने आपल्या वाडग्याला हात लावला नाही. तिने दुसरा वाडगा घेतला, काठोकाठ भरला आणि सासूबाईंपुढे ठेवला.

"मी बघते नंतर," सासूबाई म्हणाल्या.

"मग मीही नंतरच."

ती पोटावर हात ठेवून स्वस्थ बसून राहिली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि चमचा उचलला.

तेवढ्यात सासरे कामावरून आले. दोघी जेवायला बसलेल्या पाहून ते उंबऱ्यातच थबकले. सासूबाई सवयीने उठू लागल्या, तशी सुनेने हलकेच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अहो, पातेलं ओट्यावर आहे," सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "वाढून घ्या."

सासऱ्यांना पळी सापडायला वेळ लागला. एकेक खण उघडल्याचा, बंद झाल्याचा आवाज येत राहिला. सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि त्या थांबल्या.

"काय झालं, आई? मीठ कमी पडलं?"

"नाही गं." त्यांनी वाडग्यावर हळूच फुंकर घातली. "गरम आहे."