सुपत्रा नावाची बाई

माझ्या मुलाला वाटतं, आपला बाप चपटा आहे. वीतभर उंचीचा, काचेचा, आणि चार्जिंग संपलं की जाणारा. अकरा महिन्यांत त्यानं बाप फक्त फोनवर पाहिलाय. चाटलाय मात्र रोज.

बाप, म्हणजे कॅलम, आमच्या खोन केनच्या शाळेत थाई मुलांना दोन वर्षं इंग्रजी शिकवत होता. मला सातवा महिना असताना तो आजारी वडिलांना बघायला पंधरा दिवसांसाठी टास्मानियाला गेला. वडिलांचं छप्पर गळत होतं, म्हणून वर चढला. वडील बरे झाले. कॅलमच्या पायात सहा स्क्रू बसले, तीन ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला.

मग आम्हीच जायचं ठरलं. मुलाच्या, म्हणजे ताओच्या, ऑस्ट्रेलियन नागरिकत्वाचे कागद व्हायला वर्ष लागणार, म्हणून आधी आम्हा दोघांसाठी तीन महिन्यांचा भेटीचा व्हिसा. अर्ज केला. नाकारला. 'परत येण्याचं सबळ कारण दिसत नाही.' माझं भुवया कोरायचं दुकान आहे, तीन खुर्च्यांचं. पण सबळ भुवया त्यांना कुठून माहीत असणार?

आईनं ते पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. तिला इंग्रजी येत नाही, त्यामुळे तिचं मत लगेच तयार झालं.

"नावाचा दोष आहे."

"आई, कागद कमी पडले."

"सुपत्रा नाव तुझ्या बापानं ठेवलं. त्यानं ठेवलेली कुठली वस्तू कधी सापडलीये?"

बाबा स्वतःच सापडत नाहीत, मी नऊ वर्षांची असल्यापासून.

तसं मला सगळे कुंग म्हणतात, म्हणजे कोळंबी. सुपत्रा हे नाव शाळेच्या दाखल्यासाठी आणि पोलिसांसाठी. तरी आम्ही विहारात लुआंग फोंकडे, म्हणजे तिथल्या थोरल्या भिक्खूंकडे गेलो. त्यांनी माझा जन्मवार विचारला, ताओचा वार विचारला, चहा घेतला आणि दोघांसाठी नवी नावं काढून दिली. माझं पिचयापा. ताओचं इतकं भारदस्त की तो ते सांभाळत रांगेल कसा, हाच प्रश्न. "जुनं नाव आता लिहू नकोस, उच्चारू नकोस," लुआंग फो म्हणाले. "नाहीतर ते मागे मागे येतं."

तालुका कचेरीत अर्ध्या तासात काम झालं. आमच्या पुढे चौघं होती. कारकूनबाई म्हणाल्या, "व्हिसा का? माझ्या भाचीलाही तिसऱ्या नावावर मिळाला." आईला इतका हुरूप आला की तिनं तिथल्या तिथे स्वतःचंही बदललं.

नवे पासपोर्ट आले. मी दुसरा अर्ज भरायला बसले. प्रश्न: तुम्हाला यापूर्वी दुसरं नाव होतं का? लुआंग फोंचा चेहरा समोर आला. मी 'नाही'वर खूण केली. पुढचा प्रश्न: यापूर्वी व्हिसा नाकारला गेला आहे का? मी विचार केला. नाकारला होता तो सुपत्राला. पिचयापाला अजून कुणीच कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. 'नाही.'

कॅलमला मी यातलं काहीच बोलले नाही. तो हसला असता. शिवाय आनंदाची बातमी एकदमच द्यावी, असं मनात होतं.

तीन आठवड्यांनी मेल आली. 'आम्ही श्री. कॅलम यांना फोन केला. आपली जोडीदार म्हणून त्यांनी दुसऱ्याच एका स्त्रीचं नाव सांगितलं. अठ्ठावीस दिवसांत खुलासा करावा, अन्यथा तीन वर्षं अर्ज करता येणार नाही.'

मी ती मेल चारदा वाचली. पहिल्या दोन वाचनांत मला त्या स्त्रीचा खरोखर राग आला.

मग मी फोन लावला. कॅलम स्वयंपाकघरात कुबडीवर उभा होता. चेहरा खुललेला.

"कुंग! ऑफिसरचा फोन आला होता. मी पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट! महिनाभर फ्रिजवर चिकटवून पाठ केलंय. सुपत्रा खामफूवियांग. बघ!"

त्याच्या मागे फ्रिजवर खरंच ते मोठ्या अक्षरांत होतं. माझं नाव एवढ्या प्रेमानं याआधी कुणी घेतलं नव्हतं, आणि ते आता माझं नव्हतं.

"कॅलम, मी सुपत्रा नाहीये."

कुबडी सटकल्याचा आवाज आला.

सगळं सांगितल्यावर त्यानं कुबडी उचलून पुन्हा काखेत धरली. मग हळूच म्हणाला, "आणखी काही बदललंय का? आताच सांगून टाक."

"आईचं नाव."

"आणि तू?"

"मी तीच आहे."

"तीन वर्षं म्हटलंय, कुंग. ताओ शाळेत जायला लागेल."

रडायचं नाही असं आमचं ठरलेलं होतं. ताओ तेवढा ठरावात नव्हता. तो सुरू झाला, मग आम्हीही.

दुसऱ्या दिवशी मी खुलासा लिहिला. नाव बदलल्याचे दाखले भाषांतर करून जोडले. सुपत्रा हे नाव सतरा वेळा लिहिलं आणि प्रत्येक वेळी दाराकडे पाहिलं. शेवटी लिहिलं: 'मी खोटं बोलले, पण तुम्हाला फसवायला नाही. नशिबाला फसवायला.' भाषांतर करणाऱ्या माणसानं विचारलं, हे वाक्य ठेवायचंय का? मी म्हटलं, ठेवा.

ऑफिसरनं कॅलमला पुन्हा फोन केला. येणार कोण, असं विचारलं. कॅलम म्हणाला, "नाव काय हवं ते लिहा, पण ती दोघं पाठवा." ऑफिसर म्हणाला, "साहेब, नाव." मग कॅलमनं सांगितलं. नवं, जुनं, आणि कोळंबी.

पंचविसाव्या दिवशी व्हिसा आला, दोघांचा. आई म्हणाली, "बघ, नाव लागू पडलं."

तिकिटं एकोणीस दिवसांनंतरची मिळाली. तेरा महिने मी काढले होते, पण हे एकोणीस दिवस मला जमेनात. गिऱ्हाइकांच्या भुवया पातळ व्हायला लागल्या.

परवा कॅलमनं फोनवर घर दाखवलं. लंगडत एका खोलीत गेला. खिडकीपाशी लाकडी पाळणा, त्यात निळी चादर. "इथे," एवढंच म्हणाला. त्यानं फोन कपाटावर टेकवला आणि डोळे पुसायला की काय बाहेर गेला, तो फोन सुरू असल्याचं विसरूनच गेला.

मी ताओला मांडीवर घेतलं. माझ्या फोनचं चार्जिंग संपेपर्यंत, चाळीस मिनिटं, आम्ही दोघं तो रिकामा पाळणा बघत बसलो.