राखेतल्या विजेवर कान ठेवून

मी बोलतोय तो एका पडक्या घराच्या उरलेल्या भिंतीवरून. लोखंडी दांडा, त्यावर पोचे पडलेली ॲल्युमिनियमची थाळी आणि खाली कुलूप लावलेली पेटी, एवढाच माझा देह. टीव्हीच्या अँटेनाचा मी लांबचा भाऊ, फक्त चित्रांशी माझा संबंध नाही. समोरच्या ज्वालामुखीच्या तोंडाशी वीज चमकली की तिची चरचर टिपायची आणि शहरात कळवायची, हे माझं काम. बरीच वर्षं केलं. आता शीण आलाय.

मला जुळवलं ताईंनी. शहरातल्या वेधशाळेत त्या ज्वालामुखीचा अभ्यास करायच्या. माझ्या तारांना डाग देताना त्यांचं बोट भाजलं, तर ते तोंडात धरूनच त्यांनी पुढचा डाग दिला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. डोंगर हादरला की जमिनीतली यंत्रं लगेच सांगतात. पण हादरला म्हणजे राख बाहेर पडलीच असं नाही. त्यातून ढग असले तर शिखर दिसत नाही, उपग्रहालाही ढगांची पाठच दिसते. राख जोरात उसळते तेव्हा मात्र तिचे कण एकमेकांवर घासतात, आदळतात आणि त्यातून विजा होतात. ढग कितीही दाट असो, त्या विजांची चरचर रेडिओच्या खरखरीसारखी आरपार येते.

आम्ही चौघं होतो, डोंगराच्या चार बाजूंना. एकाच विजेची चरचर कोणाला आधी पोचते, कोणाला मागाहून, यावरून ती नेमकी कुठे झाली ते काढता यायचं. तिघांना माळरानावर जागा मिळाली. मला पायथ्याच्या गावात जागा हवी होती, आणि तिथे ताईंच्या वडिलांचं घर होतं.

बाबा निवृत्त बस ड्रायव्हर. "माझ्या छपरावर हे बुजगावणं कशाला?" असं म्हणत त्यांनी मला भिंतीला धरून उभं केलं. माझी वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेली आणि ती खिडकी कायमची अर्धवट उघडी राहिली. फटीत त्यांनी जुना मोजा कोंबला. आलेल्या प्रत्येकाला ते ही तक्रार ऐकवायचे. पण वारा सुटला की पाना घेऊन वर चढायचे आणि माझे नट आवळून जायचे.

ताईंच्या बोलण्यात ‘कदाचित’ फार. बाबा थट्टा करायचे, "हिला जेवलीस का विचारलं तरी कदाचित म्हणेल."

मग सुरू झालं नुसतं ऐकणं. पावसाळी विजा, गल्लीतल्या मोटरसायकली, शेजारच्या शिंप्याच्या मशीनची मोटर, सगळं माझ्या कानात शिरायचं. शिंप्याच्या मोटरीने तर ताईंना हैराण केलं. शेवटी त्यांनी स्वतः मशीन उघडून तिला एक छोटा भाग बसवून दिला. तरी थोडी घुर्र यायचीच. तिचीही मला सवय झाली.

एका वर्षी डोंगर बरेच दिवस हादरत राहिला. भोंगा वाजला, गाव शहरातल्या शाळांमध्ये जाऊन राहिलं. डोंगराने काहीच केलं नाही. लोक परतले तेव्हा कोणाच्या कोंबड्या गेल्या होत्या, कोणाची कुलपं फुटली होती. लोकांनी वेधशाळेच्या साहेबांना नको नको ते ऐकवलं. बाबांनी चारचौघांत सांगितलं, "मी पुन्हा सामान बांधणार नाही." सगळी गल्ली त्यांच्या बाजूने झाली.

त्यानंतर बऱ्याच काळाने, एका ढगाळ दुपारी, मला वेगळी चरचर ऐकू आली. पावसाची वीज कडाडते आणि थांबते. ही थांबत नव्हती. तापल्या तव्यावर कोणी सारखं पाणी शिंपडत राहावं तशी.

शहरात काय झालं ते ताईंनी नंतर बाबांना सांगितलं, तेव्हा मला कळलं. त्या धावत साहेबांकडे गेल्या होत्या.

"राख वर आलीय, सर."

"दिसतेय का?"

"दिसत नाही. ऐकू येतेय."

"एवढे ढग आहेत, विजा होणारच."

"पावसाची वीज ढगाबरोबर सरकते. ही विवराला चिकटून बसलीय. चारही अँटेना तेच सांगताहेत."

साहेबांना मागच्या वेळच्या शिव्या आठवल्या असाव्यात. ते म्हणाले, "जरा थांबून बघू."

ताई बाहेर आल्या आणि त्यांनी घरी फोन लावला. बाबांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर असायचा.

"बाबा, घर सोडा. आत्ताच्या आत्ता."

"कदाचित का?"

"नाही, बाबा. या वेळी कदाचित नाही."

बाबांनी फोन ठेवला. गॅस बंद केला, चपला घातल्या आणि रिकाम्या हाताने गल्लीत आले. प्रत्येक दाराशी थांबून म्हणाले, "मी निघालोय." त्यांना सामानाशिवाय निघालेलं बघून लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. थांब्यावरची बस बघता बघता भरली.

बस गावाबाहेरच्या पुलापाशी पोचली तेव्हा कुठे भोंगा वाजला. तो वाजत असतानाच शिंपी खाली उतरला, असं बाबांनी मागाहून सांगितलं. "मशीन घेऊन सायकलवर येतो, काका. घर तिच्यावर चालतं."

तो धापा टाकत परत आलेला मी पाहिला. मशीन सायकलला बांधून निघालेलाही पाहिला. मग डोंगरावरून तापल्या राखेचा लोट नाल्यानाल्याने उतरला आणि पुलाकडचा रस्ता दिसेनासा झाला.

त्यानंतर अंधार. राखेच्या खांबात विजांमागून विजा होत होत्या. पूर्वेकडचा आमचा सोबती मध्येच गप्प झाला. आम्ही तिघं कळवत राहिलो. विजा वाढल्या की राख वाढली असं धरून शहरात विमानं रोखली गेली. विजा विरळ झाल्या तेव्हा मदतीच्या गाड्यांना आत सोडलं.

घराचं छप्पर राखेच्या भाराने खाली आलं. माझी भिंत तेवढी राहिली. बाबा आणि ताई एकदा बघायला आले. ढिगाऱ्यात उभ्या राहून ताई म्हणाल्या, "भोंगा थोडा आधी वाजला असता तर?"

बाबांनी माझ्या दांड्यावरची राख हाताने पुसली. मग म्हणाले, "शिंपी भोंगा ऐकून उतरला, पोरी. ऐकूनही उतरला."

ताई राखेतच बसल्या. गाव वाचवल्याबद्दल पुढे त्यांचं कौतुक झालं म्हणे. मला मात्र त्यांचा तोच चेहरा लक्षात आहे. शिंप्याच्या मोटरीची घुर्र आली नाही, म्हणून कित्येक दिवस मला शांत वाटायचं नाही.

बाबा शहरातल्या दोन खोल्यांत राहिले आणि तिथेच गेले. गाव दुसरीकडे वसलं. पण जमीन कसदार, म्हणून आता पायथ्याला पुन्हा नवी घरं झालीत. नव्या शेजारीणबाई माझ्या दांड्याला दोरी बांधून कपडे वाळत घालतात. हे काय आहे, असं त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही.

आज ताई आल्या होत्या. केस पांढरे झालेत, गुडघ्यावर हात ठेवून चढल्या. बरोबर नवा अँटेना होता, माझ्या निम्म्याने लहान. माझे नट त्यांनी पान्याने सोडवून पाहिले, एकही हलेना. उद्या दांडा कापावा लागेल, असं कोणाला तरी फोनवर सांगत होत्या.

कापा. मला वाईट वाटणार नाही, थकलोय मी. नवा माझ्यापेक्षा तीक्ष्ण ऐकेल, यात शंका नाही. पण जाताना त्या दोरीवाल्या बाईंना एक सांगून जावंसं वाटतं: बाई, या नव्याचं ऐकणं तारेतून शहरापर्यंत जाईल, तिथून कोणीतरी तुम्हाला फोन करेल. त्याच्या पुढचं, चपला घालून निघायचं काम आमच्यापैकी कोणालाच जमत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल.