मेणात झोपलेला ठोकळा

मी मेणाचा ठोकळा बोलतोय. काडेपेटीहूनही लहान. माझ्या पोटात एका घड्याळजीच्या प्रोस्टेट ग्रंथीतून सुईने काढलेले, दोऱ्याएवढे तुकडे आहेत.

चार वर्षांपूर्वी या तुकड्यांवर वितळलेलं मेण ओतलं, सगळीकडे ऊब पसरली आणि मला गुंगी आली. तंत्रज्ञ बाईंनी माझे अगदी पातळ काप घेतले. डॉक्टरांनी ते काचेवर पाहिले, ‘कर्करोग’ लिहिलं. मग मी प्रयोगशाळेच्या कपाटात, चौथ्या खणात. झोपेत मला शेकडो घड्याळं ऐकू येत, पाण्याखालून आल्यासारखी.

बाहेर मात्र आजार हाडांत पसरला होता. इंजेक्शनं निकामी ठरली. डॉक्टर म्हणाले, “एक गोळी आहे, पण पेशींच्या जनुकांत ठरावीक बिघाड असेल तरच लागू पडते. जुना तुकडा तपासू.” प्रयोगशाळेने कळवलं : तुकडा उपलब्ध नाही.

उपलब्ध नाही! मी तिथेच तर होतो. कारकुनाने कपाटाला हातही लावला नव्हता. खुर्चीतून न उठता त्याने एका माणसाची गोळी नाकारली होती.

घड्याळजीची मुलगी वडिलांना घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीशी आली.

“ताई, रिपोर्ट दिलाय ना तेव्हाच? चार वर्षं झाली हो,” कारकून म्हणाला.

“काका, वर्षं नाही विचारली. कपाट उघडलंत का?”

घड्याळजी हसला. “साहेब, वीस वर्षं कुणी न्यायला न आलेली घड्याळंसुद्धा मी चिठ्ठीसकट जपून ठेवलीत. तुम्ही तर माझाच तुकडा ठेवलाय.”

कारकून उठला, खण उघडला. माझे डोळे दिपले. तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, “फार उरला नाही हो. एकदाच तपासता येईल.” पातं फिरलं. मी सालीसारखा उलगडत गेलो. भीती एकच होती, माझ्यातलं जनुकांचं अक्षर इतक्या वर्षांनी पुसट निघालं तर?

निघालं नाही. बिघाड सापडला, गोळी सुरू झाली.

महिन्याने दोघं पुन्हा आली. हा बिघाड कधी कधी जन्मजात असतो, वडिलांच्या रक्तात निघाला तर मुलीचंही रक्त तपासायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी अजून बाईंच्या टेबलावरच होतो. बाही वर करताना घड्याळजीचा हात थांबला.

“पोरी, तुला दुकान द्यायचं होतं गं. हे नव्हतं द्यायचं.”

“बाबा, बिघाड आधी कळला की घड्याळ वाचतं. गिऱ्हाइकांना रोज सांगता, मग आज काय झालं?”

त्याने हात पुढे केला.

आता मी पुन्हा चौथ्या खणात आहे. माझ्यात मेणच जास्त, माणूस जरासा. पुन्हा गुंगी येतेय, घड्याळं ऐकू येतायत. आजूबाजूला माझ्यासारखे हजारो झोपलेत. त्यांची माणसं खिडकीशी येतील, तेव्हा ‘नाही’ लिहायच्या आधी कपाट उघडा. आणि तुम्ही खिडकीशी असाल, तर ते उघडेपर्यंत हलू नका.