तीन ओळी

वर्ध्याच्या कोर्टात बसून तानाबाईला काही वाटतच नव्हतं. सहा वर्षांपूर्वी किसनरावांनी सवत आणली, तेव्हाच जे वाटायचं ते वाटून संपलं होतं. नव्या कायद्यानं काडीमोड मिळणार हे ठरल्यासारखंच होतं. अडलं होतं पोटगीवर. पंचवीस रुपये महिना मिळाला, तर सेलूला भावाच्या ओसरीवरून उठून तिला एक खोली घेता आली असती. आतून कडी लावता येईल अशी.

"साहेब तीन गोष्टी पाहतील," वकील प्रभाकररावांनी सकाळीच पढवलं होतं. "त्याची मिळकत, तुमची मिळकत, आणि कोण कसं वागलं. त्याची अठरा एकर आहे, वागणूक तर अख्खं अल्लीपूर सांगेल. तुमच्या कमाईचं विचारलं की एवढंच म्हणा, कापसाची वेचणी दोन-अडीच महिने, बाकी वर्षभर हात रिकामे. कळलं?"

"कळलं जी."

मग किसनराव पिंजऱ्यात उभे राहिले. तेरा वर्षं नांदवताना या माणसानं तिला आळशी म्हटलं, ढिली म्हटलं, एकदा तर भर पंगतीत हिच्या हातापायाला गंज चढला म्हणाला.

"कायची पोटगी जी साहेब?" तो म्हणाला. "अख्ख्या अल्लीपुरात हिच्यासारखी कापूस वेचणारी नाई. बाकीच्या बाया एक ओळ धरतात, ही दोन धरते, दोन्ही हातानं. अन् कापसात पानाचा तुकडा सापडणार नाई. हिले कोण काम देणार नाई?"

तानाबाईनं मागं वळून पाहिलं. दुसऱ्याच कुण्या बाईचं चाललं असावं. मागं भिंत होती.

"बाई, हे म्हणतात ते खरं?" साहेबांनी विचारलं.

प्रभाकरराव तिच्याकडे पाहून हळूच नकारार्थी मान हलवत होते.

"खोटं हाय जी," ती म्हणाली. वकिलांचा जीव भांड्यात पडला. "दोन नाई. तीन ओळी धरते मी."

कारकुनानं लिहून घेतलं. अडीच महिन्यांचं तिला आठवलंच नाही. साहेबांनी किसनरावांच्या वागणुकीला चार शब्द सुनावले, पण बाई अंगानं धड आहे, कमावती आहे, असं म्हणून नऊ रुपये बांधून दिले.

बाहेर व्हरांड्यात प्रभाकररावांनी कपाळाला हात लावला. "तानाबाई, काऊन बोलल्या हो तुम्ही? नवऱ्यानं दोन सांगितल्या, तुम्ही वर एक घातली!"

"दोन ओळी तर आमच्या संग वेचणारी मंदाबाई बी धरते," ती म्हणाली.

नऊ रुपयांत खोली मिळणार नव्हती, हे तिलाही समजत होतं. समजून काही होत नव्हतं, एवढंच. ती पायरीवर बसली, पदराची गाठ सोडली आणि बसचे पैसे बाजूला काढून उरलेले तळहातावर धरले.

"त्या कागदाची नक्कल भेटते का जी? किसनराव बोलले त्याची."