झालेल्या सभेचा कागद

मी एका सात मजली इमारतीच्या तळमजल्यावरचा जुना सूचनाफलक आहे. मित्रांनो, आपली गोष्ट सांगायला बसले की सगळे आधी आपले गुण सांगतात. मी उलट करणार आहे. मी मत्सरी आहे. दुसऱ्याचे चांगले चाललेले पाहून माझ्या पोटात दुखते, ते पहिल्यापासून. आणि एकदा या पोटदुखीपायी एका भल्या बाईंचे माझ्या हातून मोठे नुकसान झाले. तेच सांगायला बसलो आहे. बसलो म्हणजे भिंतीवर टांगलेलाच आहे, पण समजून घ्या.

इमारतीचे दरवाजे बसवायला जो सुतार आला होता, त्याने उरलेल्या लाकडातून मला केले. चौकटींचे चार तुकडे निवडून त्याने त्यांना रंधा मारला, कोपरे जुळवले, आतल्या फळीवर हिरवे कापड ताणून बसवले आणि पुढे काचेचे दार लावले. दाराला चिमुकले कुलूपही होते. वरच्या पट्टीवर रंगाऱ्याने ‘सूचना’ असे लिहिले. त्यातला ‘ना’ ‘सूच’पेक्षा मोठा झाला. ते मला आजही खटकते.

फाटकातून आत आले की तीन पायऱ्या चढून लिफ्टपाशी जावे लागते. त्या पायऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर सुताराने मला ठोकले, तेही जरा खाली, कारण वर विजेच्या मीटरची पेटी होती. ठोकून झाल्यावर त्याने मला दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिले. “आता हा हलत नाही,” तो म्हणाला. इतके कौतुक मला पुरले.

पहिली काही वर्षे माझी चंगळ होती. पाण्याची टाकी धुणार असली की ते माझ्याकडून कळायचे. कुणाची मांजर हरवली, कुणाची लेक परीक्षेत पहिली आली, कुणी कुणाच्या जागेत स्कूटर लावली, सगळे माझ्या काचेआड. माणसे कामावरून आली की पिशव्या खाली ठेवून वाचत उभी राहायची. तरीही मी सुखी नव्हतो. कारण समोरच्या लिफ्टमध्ये आरसा होता. मला वाचणारा माणूस शेवटच्या ओळीपर्यंत कंटाळायचा, आणि तोच माणूस लिफ्टमध्ये शिरला की पाचव्या मजल्यापर्यंत स्वतःला न्याहाळत जायचा. त्या आरशाला एक अक्षर लिहिता येत नाही, तरी त्याचा थाट पाहा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दोन माणसे मात्र माझी हक्काची. एक इमारतीचे सेक्रेटरी. ते दातांचे डॉक्टर आहेत. माझी किल्ली त्यांच्याकडे असायची. दुसऱ्या म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणाच्या बाई. बाईंनी पस्तीस वर्षे मुलींना शिवण शिकवले. त्यांच्या नजरेतच टेप आहे म्हणा ना. कागद जरा तिरका लागला की त्या डॉक्टरांना थांबवायच्या.

“डॉक्टर, डावीकडं बोटभर जास्त सुटलंय.”

“बाई, दात नाही लावत मी, कागद लावतोय.”

“म्हणूनच म्हणते. दात तरी सरळ लावता ना?”

डॉक्टर हसून कागद सरळ करायचे. मला बाई फार आवडायच्या. माझ्याकडे इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी पाहिले नाही.

डॉक्टरांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर आहे. इमारतीची मोठी सभा वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, नेहमी रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर भरते. डॉक्टरांनी तिची सूचना एकदाच सुरेख टाइप करून घेतली होती. ‘वार्षिक सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर. सर्वांनी हजर राहावे.’ खाली सही. तारीख नाही, साल नाही. सभेच्या आठवडाभर आधी ते हा कागद फाइलमधून काढून लावायचे आणि सभा झाली की काढून ठेवायचे. कागद तोच, सभा नवी. दरवर्षी नवे कशाला टाइप करायचे, असा त्यांचा हिशेब.

मग फोनवरचा ग्रुप आला.

मित्रांनो, माझ्या या वैऱ्याचे तोंड मी कधी पाहिले नाही. नुसता आवाज ऐकला. पायऱ्या चढणाऱ्याच्या खिशात टिंग वाजायचे, माणूस तिथेच उभा राहून फोन काढायचा, वाचायचा, आणि माझ्याकडे पाठ करून निघून जायचा. टाकी धुण्याचे ग्रुपवर. मांजरीचे ग्रुपवर, वर तिचा फोटोसुद्धा. कुणी वॉचमनकाकांना काही विचारले की काका म्हणायचे, “ग्रुपवर टाकलंय साहेब.” हे तीन शब्द ऐकले की मला आतून वाळवी लागल्यासारखे व्हायचे. माझ्या अंगावरचे कागद एकेक करून उतरले. नवा कुणी लावेना. शेवटी त्या वर्षीच्या सभेचा कागद तेवढा राहिला.

सभा होऊन चार दिवस झाले तेव्हा डॉक्टर तो काढायला आले. दमट हवेने माझी फळी फुगली होती आणि टाचणी गंजली होती. त्यांनी ओढले, हलवले, नखाने उचकटून पाहिले. मला कळत होते की हा कागद गेला की मी साफ रिकामा होणार. येणारेजाणारे पाहणार, नुसते हिरवे कापड. आणि तो ग्रुप तिकडे दिवसरात्र टिंगटिंग करत राहणार. मी अंग आवळले. असेल नसेल तेवढ्या ताकदीने ती टाचणी धरून ठेवली. दात उपटण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना माझी टाचणी उपटता येईना.

“जाऊ दे,” डॉक्टर घड्याळ पाहत म्हणाले. “कोण बघतंय?”

ते दवाखान्यात गेले. मी जिंकलो होतो. अंगावर शिळा कागद घेऊन मी मिरवत राहिलो.

त्याच आठवड्यात शिवणाच्या बाई घरात पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. लेक त्यांना दुसऱ्या गावी आपल्या घरी घेऊन गेली. अकरा महिने मला वाचणारे कुणीच नव्हते.

बाई परतल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडावर. हातात काठी, शेजारी लेक. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत नीट आल्या आणि पहिल्या पायरीशी थांबल्या. तीन पायऱ्या, आणि धरायला काही नाही. लेकीने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. त्यांनी भिंतीकडे हात नेला आणि माझी चौकट पकडली. मग एक पायरी. मग दुसरी. त्यांचा हात थरथरत होता, ते मला माझ्या लाकडात कळत होते.

“आई, हे असं रोज जमणार नाही,” लेक म्हणाली. “धरायला रेलिंग नाही इथं. परत एकदा पडलीस तर? माझ्याकडं चल ना.”

“सभा आहे की. सभेत रेलिंग मागते.”

“आणि नाही दिलं तर?”

“नाही दिलं तर येते तुझ्याकडं. बस? पण एकदा मागू तर दे.”

लेक दुसऱ्या दिवशी गेली. बाई रोज सकाळी भाजी आणायला खाली उतरू लागल्या. चालणे बंद करायचे नाही, असे त्यांना डॉक्टरांनी बजावले होते. दातांच्या नव्हे, हाडांच्या. येताजाता त्या माझ्यापाशी थांबायच्या, माझी चौकट धरायच्या, आणि मी आनंदाने फुगायचो. मला वाटायचे, आली माझी वाचक. आता बघ म्हणावे त्या ग्रुपला.

आणि त्यांनी खरेच वाचले. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता. त्यांना काय कल्पना की हा कागद वर्षभर इथेच लटकतो आहे? दरवर्षी याच सुमाराला लागायचा तो कागद, याच जागी, याच सहीचा. “रविवारी का?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “म्हणजे चार दिवस आहेत.”

मित्रांनो, मला ठाऊक होते. गच्चीवर गळतीचे काम चालू होते, म्हणून या वर्षीची सभा शनिवारी संध्याकाळी सहा वाजता खाली पार्किंगमध्ये ठरली होती. माझ्यासमोरच दोघे जण तसे बोलत गेले होते. बाईंचा फोन साधा, बटणांचा. त्या ग्रुपवर नव्हत्या. शनिवारी वॉचमनकाकांनी खुर्च्या मांडल्या. बाईंना कळले असेलच, असे त्यांना वाटले. मी भिंतीवर उभा होतो आणि माझ्या तोंडावर रविवार लिहिला होता. आणि खरे सांगू? त्या संध्याकाळीसुद्धा मला सगळ्यांत जास्त दुःख कशाचे झाले असेल, तर सभेला इतकी माणसे माझ्याशिवाय जमली याचे.

रविवारी साडेनऊला बाई इस्त्रीची साडी नेसून लिफ्टने थेट गच्चीवर गेल्या. दहा मिनिटांत खाली आल्या. हातात अर्ज होता. चार समासांचा, सुवाच्य अक्षरातला.

“काका, गच्चीला कुलूप कसं? सभा आहे ना?”

वॉचमनकाका खुर्चीतून उठले. “सभा काल झाली की बाई. पार्किंगमध्ये.”

“काल? बोर्डावर रविवार लिहिलंय.”

काकांनी माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. “तो मागच्या वर्षीचा आहे बाई. निघाला नाही, म्हणून राहिला.”

बाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी तो कागद पुन्हा वाचला. बाह्या उलट्या जोडलेले झंपर एखाद्या मुलीने पुढे धरावे, तेव्हा त्या जशा पाहत असतील तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. आता हे सगळे उसवावे लागणार, असे. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

“सभेत काय काय करायचं ठरलं?” त्यांनी विचारले.

“लॉबीत नवे दिवे. आणि कुंड्या.”

“रेलिंगचं?”

“कुणी काढलंच नाही बाई. विषय मांडायला माणूस लागतं ना.”

पुढची सभा वर्षाने. बाई अर्जाची घडी करत म्हणाल्या, “मग लेकीला फोन करते.” त्या लिफ्टकडे वळल्या, तेवढ्यात डॉक्टर बाहेरून आले.

“अहो बाई, काल आला नाहीत? ग्रुपवर टाकलं होतं.”

“मी ग्रुपवर नाही, डॉक्टर. मी बोर्ड वाचते.”

“बोर्ड आता कोण...” डॉक्टर बोलता बोलता थांबले. त्यांची नजर माझ्या काचेकडे गेली, मग खालच्या सहीकडे.

“सही तुमची आहे,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “पस्तीस वर्षं मुलींना सांगत आले, आखल्याशिवाय कापू नका. आणि मीच साल न बघता कापून बसले.”

“चूक माझी आहे बाई. साल मी कधी लिहिलंच नाही.”

त्यांनी किल्ली काढून माझे दार उघडले आणि टाचणी चिमटीत धरली. या वेळी मी धरून ठेवले नाही. टाचणी सहज निघून त्यांच्या हातात आली, इतकी की ते मागे झोकांडले. कागद निघाला, आणि त्याच्याखाली हिरव्या कापडाचा एक कोरा चौकोन उघडा पडला. बाकी मी सगळा उन्हाने विटलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्या चौकोनावर नवा कागद लागला. खास सभेचा. वार, तारीख, साल, वेळ, सगळे लिहिलेले. डॉक्टरांनी तेच ग्रुपवरही टाकले आणि वॉचमनकाकांना घरोघरी पाठवले. बाईंनी समास पाहिले आणि मान हलवली. त्या सभेत काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही, पण पंधरा दिवसांत फिटर आला. त्याने पायऱ्यांना भोके पाडली, स्टीलचा चकचकीत कठडा उभा केला आणि हलवून पाहिला. “हा हलत नाही,” तो म्हणाला. माझे वाक्य!

पहिल्या दिवशी बाई कठडा धरून तीन पायऱ्या उतरल्या. भाजी घेऊन आल्या, एका हातात पिशवी, दुसरा हात कठड्यावर, आणि सरळ वर गेल्या. माझ्यापाशी थांबल्या नाहीत. मला वाचायला नव्हे, मला धरायला त्या थांबत होत्या, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरले. मित्रांनो, मी जळलो. आरशावर जळलो नव्हतो, ग्रुपवर जळलो नव्हतो इतका त्या कठड्यावर जळलो. आजही जळतो. पण बाईंचा हात आता थरथरत नाही, आणि त्यांनी लेकीला फोन केला तो ‘राहते इथंच’ असे सांगायला.

नवा कागदही सभा झाल्याच्या संध्याकाळी डॉक्टरांनी काढून नेला. मी रिकामा आहे.

तुमच्याही इमारतीत माझा एखादा भाऊबंद भिंतीवर असेल. त्याची काच पुसलीत तर बरे, नाही पुसलीत तरी तो तक्रार करणार नाही. पण झालेल्या सभेचा कागद त्याच दिवशी काढा. तो सोडायला तयार नसेल, तरी काढा.